जहाज कोणी ओढलं?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सध्या एका पुस्तकावरून दोन तट पडले आहेत. पुस्तक म्हणजे वर्नर हर्झोग या जर्मन दिग्दर्शकाचं आत्मचरित्र. मूळ जर्मन २०२२ सालचं, मायकेल हॉफमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२३ चा. पुण्याला शिकणाऱ्या एका पोराने सुट्टीत येताना ते आणलं आणि वाचून झाल्यावर वाचनालयाला देऊन टाकलं. नाव भलतंच आहे: जो तो आपापला आणि देव सगळ्यांच्या विरोधात, अशा अर्थाचं. कापसाचा भाव पडलेला, त्यात हे नाव ऐकून कोणीतरी म्हणालंच, "बाप्पा, हा तर आपल्याच इकडचा दिसते!"

एक तट हायस्कूलच्या मास्तर लोकांचा. त्यांचं म्हणणं, आडगावातला, सिनेमा न पाहिलेला पोरगा जगातला एवढा मोठा दिग्दर्शक झाला. हे पुस्तक नववी-दहावीच्या पोरांना वाचून दाखवलं पाहिजे. दुसऱ्या तटाचे म्होरके एक निवृत्त तलाठी. ते म्हणतात, हा गृहस्थ स्वतःच कबूल करतो की आपण गोष्टी रचून सांगतो. मग आत्मचरित्राच्या कपाटात कायले ठेवता? कादंबरीच्या कपाटात ढकला. दोन्हीकडची माणसं माझ्यापेक्षा जास्त वाचलेली आहेत, तरी मला वाटतं भांडण भलत्याच जागी चाललं आहे. पुस्तक ठेवावं आणि आत्मचरित्रातच ठेवावं. पण 'हे खरं की खोटं' आणि 'यातून पोरांनी काय घ्यावं' हे दोन्ही प्रश्न त्याला लागू पडत नाहीत. माणूस स्वतःची गोष्ट फुगवतो तेव्हा त्या फुगवण्याचं बिल कोणाच्या नावे फाटतं, हे विचारायला हवं. स्वतःच्याच नावे फाटत असेल तर खुशाल फुगवू दे. दुसऱ्याच्या नावे फाटायला लागलं की मात्र त्याला अडवून जाब विचारला पाहिजे.

मास्तरांच्या म्हणण्यात दम नाही असं नाही. हर्झोगचा जन्म १९४२ चा, म्युनिकचा. शेजारच्या घरावर बॉम्ब पडला तशी आई पोरांना घेऊन ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या झाखरांग नावाच्या डोंगराळ खेड्यात गेली. घरात नळ नव्हता, फोन नव्हता. सिनेमा नावाची काही चीज जगात असते हे त्याला अकराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. प्रोजेक्टर घेऊन गावोगाव हिंडणारा एक माणूस शाळेत आला तेव्हा कळलं. पहिला फोन त्याने केला तो सतराव्या वर्षी. पुढे पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळीला वेल्डिंग करून सिनेमापुरते पैसे उभे केले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा पोरगा हे ऐकून ताठ बसणार, यात शंका नाही.

पण प्रेरणेच्या घाईत मास्तर अर्धाच माणूस उचलतात. हर्झोगचे आई-बाप दोघंही जीवशास्त्र शिकलेले. आजोबा पुरातत्त्वाचे अभ्यासक, ग्रीसमधल्या कोस बेटावर उत्खनन केलेले. झाखरांगचे हाल युद्धाने आणलेले होते, सात पिढ्यांचे नव्हते. घरात पैसा नव्हता, पण जगात कुठेही गेलो तरी दार उघडेल ही खात्री त्या घरात मुरलेली होती. हे तो लपवत नाही. प्रेरणेचा डोस पातळ होऊ नये म्हणून आपणच ते गाळतो. आणि कॅमेऱ्याची गोष्ट? म्युनिकच्या एका फिल्म संस्थेतून त्याने कॅमेरा उचलला. त्याला चोरी म्हणायला तो तयार नाही. सिनेमा करणं ही माझी निकड, कॅमेरा हे माझं अवजार, त्यावर माझा एक प्रकारचा जन्मजात हक्कच होता, असा त्याचा युक्तिवाद. वाचताना आपण हसतो. आता हाच युक्तिवाद फासेपारध्यांच्या बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या पोराच्या तोंडी घालून बघा. इंग्रजांच्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्याची सुरुवात १८७१ साली झाली, तो १९५२ साली रद्द झाला. पण आजही आसपास कुठे घरफोडी झाली की संशय आधी बेड्यावर जातो. तिथल्या पोराच्या हातात कंपनीच्या बिलासकट मोबाईल असला तरी त्याला विचारतात, कुठून आणला बे? 'माझा जन्मजात हक्क' हे शब्द पुरे होईपर्यंत ठाणेदाराने ऐकून घ्यावं लागतं, आणि ते भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तेव्हा मास्तर, वाचून दाखवायचंच असेल तर कॅमेऱ्याचं पान वगळू नका. ते पान वाचून झालं की पोरांना विचारा, यातलं तुम्हाला काय काय पचलं असतं? तो तास खरा रंगेल.

तलाठीसाहेबांची बाजू जास्त भक्कम आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. हर्झोगचा खोटेपणा कोणी शोधून काढलेला नाही, त्यानेच तो चारचौघांत मांडला आहे. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींवर त्याने १९९२ साली जो माहितीपट केला, त्याच्या सुरुवातीला पास्कल या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावाने एक भव्य वाक्य येतं. ते पास्कलचं नाही, हर्झोगने स्वतः लिहिलेलं आहे. १९९७ च्या एका माहितीपटात युद्धकैदेतून सुटलेला वैमानिक स्वतःच्या घराचं दार पुन्हा पुन्हा उघडून बघतो. वैमानिकाला तशी सवय नव्हती, दिग्दर्शकाने करायला लावलं. रशियावरच्या माहितीपटात गोठलेल्या तळ्यावर पालथे पडून बर्फाखालचं पवित्र शहर शोधणारे भाविक दिसतात, ते जवळच्या गावातून पैसे देऊन आणलेले दारुडे होते. आणि १९९९ साली अमेरिकेत मिनियापोलिसला एक जाहीरनामाच वाचून त्याने सांगून टाकलं की नुसत्या तपशिलाचं सत्य हे हिशेबनिसांचं सत्य. आपल्याला त्याच्या पलीकडचं, झपाटून टाकणारं सत्य हवं आहे.

यावर तलाठीसाहेब म्हणाले, हिशेबनिसाच्या सत्याची टिंगल करायला पोट भरलेलं लागते. हे वाक्य मला खोडता येत नाही. आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. सातबारावर नाव होतं का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवाना असलेल्या सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? तिन्ही कागद जुळले तर घरच्यांना एक लाख, नाही जुळले तर काहीच नाही. जिथे एका नोंदीवर घर तरतं किंवा बुडतं, तिथे नोंदी म्हणजे क्षुद्र गोष्ट असं ऐकवणारा माणूस परग्रहावरून आल्यासारखाच वाटणार. आम्हाला कागद खरे हवेत. पिकाची आणेवारी खरी हवी, पीकविम्याचा पंचनामा खरा हवा. आमच्यापाशी येऊन झपाटून टाकणाऱ्या सत्याच्या बाता कोणी मारू नयेत.

इथपर्यंत कबूल. पण त्याच समितीच्या फायली पुन्हा उघडा, आणि हा मुद्दा ज्यांनी हयातभर सातबारा लिहिले त्यांच्यापुढेच ठेवतो. आयुष्यभर निंदण-वेचणी केलेल्या बाईचं नाव सातबारावर नसेल तर कागदाच्या लेखी ती शेतकरी नसते. मेव्हण्याकडून घेतलेले उसने पैसे कर्जाच्या रकान्यात बसत नाहीत. विनापरवाना सावकार दारात येऊन चारचौघांत जे बोलून गेला, त्याला 'तगादा' म्हणायला पुरावा लागतो. कागद खोटा नसतो. रकाने बिनचूक भरलेले असतात, खाली सही-शिक्का असतो आणि तरीही त्या घरात काय झालं हे त्या कागदावरून कळत नाही. मग ते कळायला कोणाकडे जायचं? ओसरीवर बसून सासू सांगते त्याच्याकडे. ती सांगताना तारखा चुकते, रकमा वाढवते, पावसाचं नक्षत्र बदलते. तिला 'अपात्र' म्हणून उठून जायचं का? तपशिलाचं सत्य हवंच, पण तेवढ्याने भागतं हे म्हणणं आमच्या जिल्ह्यात तरी कोणी करू नये.

आणि आत्मचरित्र निर्भेळ असावं हा हट्ट आपल्याला शोभतो का? मराठीतलं पहिलं मोठं गद्य ज्या भूमीत घडलं ती भूमी आपलीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. म्हाइंभटांपुढे काय होतं? महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेलेले, आणि मागे राहिलेल्या माणसांच्या आठवणी. ज्याने पाहिलं, ऐकलं त्याच्यापाशी जाऊन त्यांनी त्या आठवणी गोळा केल्या, पंथाचे आचार्य भटोबास यांच्यापुढे ठेवल्या. परंपरा सांगते की मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि ती पुन्हा लिहिली गेली ती पाठांतरातून. मग एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. अशा वेळी महानुभावांनी काय केलं? एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा असा, रामेश्वरबासांचा असा, हे भेद सांगणाऱ्याच्या नावानिशी पुढच्या पिढ्यांपर्यंत येऊ दिले. वाचणाऱ्याला कळतं की हे कोण सांगतंय, आणि कोणाचं म्हणणं वेगळं आहे. सातशे वर्षांपूर्वी आठवणीवर विश्वास ठेवायची ही रीत इथल्या माणसांना सापडली होती, आणि आपण अजून 'खरं की खोटं'वर अडून बसलो आहोत.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावानेही आत्मचरित्र लिहिलं आणि १९५० च्या 'राशोमोन'पाशी येऊन थांबला. माणूस स्वतःबद्दल बोलताना सजवल्याशिवाय बोलूच शकत नाही, हे त्या सिनेमाचं सूत्र. ते आपल्यालाही लागू आहे, हे ओळखून त्याने लेखणी खाली ठेवली. हर्झोगचा स्वभाव तो नाही. तो सजवतो आणि सजवलं म्हणून सांगतोही. त्याचं पुस्तक तर वाक्याच्या मध्येच थांबतं, मुद्दाम. (मला हा चाळा वाटतो, पण असो.) सांगून केलेल्या सजावटीबद्दल मला तक्रार नाही. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणताना कोणाचा बैल आभाळाला शिंग लावतो, तेव्हा आपण पंचनामा मागत नाही. पास्कलच्या नावावर खपवलेलं वाक्य तेवढं मला खटकतं. कारण तिथे बिल पास्कलच्या नावे फाटलं आहे, आणि मेलेल्या माणसाला ते परत पाठवता येत नाही.

आता जहाज. या माणसाचं नाव ज्यामुळे दंतकथेत गेलं ती ही गोष्ट. पेरूच्या जंगलात ऑपेरा हाऊस बांधायच्या वेडाने पछाडलेला माणूस एक जहाज डोंगरावरून पलीकडच्या नदीत नेतो, असा त्याचा १९८२ चा 'फिट्झकराल्डो'. ज्या खऱ्या रबर-व्यापाऱ्यावरून ही कथा सुचली, त्याने जहाज सुटं करून तुकड्या-तुकड्यांनी नेलं होतं. हर्झोगने ठरवलं, आपण अख्खं न्यायचं, ३२० टनांचं, आणि ट्रिक फोटोग्राफी वापरायची नाही. नायकाच्या भूमिकेतला जेसन रोबार्ड्स बराचसा सिनेमा झाल्यावर आजारी पडून परत गेला, गायक मिक जॅगरही निघाला, क्लाउस किन्स्कीला घेऊन सगळं पहिल्यापासून चित्रित करावं लागलं. ओढण्याची यंत्रणा उभारायला आलेला ब्राझीलचा अभियंता, हे माणसांच्या जिवावर बेतेल असं बजावून निघून गेला. विमानं कोसळली, माणसं जायबंदी झाली. जहाज मात्र चढलं. पुढे चाळीस वर्षं मुलाखतींतून, पुस्तकांतून एकच वाक्य घुमतं आहे: हर्झोगने जहाज डोंगरावरून नेलं.

नेलं कोणी? कप्प्या आणि बुलडोझर होते, पण ते वळवायला, मातीत पाय रोवून चाकं फिरवायला शेकडो आदिवासी माणसं होती. प्रामुख्याने काम्पा आणि माचिग्वेंगा. त्याच्याही आधी, १९७९ साली उत्तरेकडे अग्वारुना लोकांच्या भागात त्याने तळ टाकला होता. त्यांच्या संघटनेने विरोध केला. डिसेंबरात हत्यारबंद अग्वारुनांनी तळ रिकामा करायला लावला आणि जाळून टाकला. हर्झोगवर तेव्हा बरेच आरोप झाले. ते राजकारणातून आले, धादांत खोटे होते, असं तो आजवर सांगत आला आहे. त्यातले काही आरोप खरंच फुगवलेले असतील. माचिग्वेंगांना त्यांच्या जमिनीची कागदपत्रं मिळावीत म्हणून आपण खटपट केली असंही तो सांगतो, आणि तसं असेल तर ते जहाजापेक्षा मोठं काम आहे. हिशेबनिसांच्या सत्याला हसणारा माणूस शेवटी जमिनीच्या कागदासाठी धडपडला, हे आमच्या तलाठीसाहेबांना नक्की आवडेल.

माझा आक्षेप आहे तो यापुढचा. जहाजाच्या गोष्टीत हर्झोगला नाव आहे, किन्स्कीला नाव आहे, जहाजाला नाव आहे. ओढणारे मात्र 'इंडियन'. त्यांच्यातल्या एकाने किन्स्कीला मारून टाकू का असं विचारलं, एका लाकूडतोड्याने साप चावला म्हणून करवतीने स्वतःचाच पाय कापला, अशा गोष्टी तो फार रंगवून सांगतो. सांगणारा एकटाच, आणि ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं ते उलट सांगायला समोर नाहीत. इथे फुगवल्याचं बिल त्यांच्या नावे फाटतं. त्यांचं रानटीपण वाढतं तेवढं दिग्दर्शकाचं धाडस वाढतं. म्हाइंभट असते तर त्यांनी इथे खाली एक ओळ घातली असती: अग्वारुना म्हणती ते ऐसें. ती ओळ या आत्मचरित्रात नाही. लेस ब्लँक या अमेरिकन माहितीपटकाराने त्याच चित्रीकरणावर १९८२ साली केलेला माहितीपट पाहिला की निदान त्या माणसांचे चेहरे दिसतात, ती वाट बघत बसलेली, कंटाळलेली दिसतात. रानटी कोणी दिसत नाही.

हे सगळं पेरूचं. आपल्याला काय त्याचं? तर २००६ आठवा. जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि त्याच्या मागेपुढे आमच्या गावांमध्ये कॅमेऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या. दिल्लीचे आले, मुंबईचे आले, परदेशातले आले. त्यांच्यामुळे देशाला यवतमाळ कळलं, हे मी नाकारत नाही. गाड्या आल्या नसत्या तर पॅकेजही आलं नसतं असं म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण ते चित्रीकरण कसं चालायचं हे ज्यांनी बघितलं त्यांना विचारा. भिंतीवरचा हार घातलेला फोटो खिळ्यावरून उतरवून बाईच्या मांडीवर द्यायचे. आतल्या खोलीत उजेड नाही म्हणून तिला बाहेर, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ बसवायचे. ती सांगायला लागली की मध्येच मोटारसायकल जायची, मग "ताई, एकदा पुन्हा सांगा, 'त्या दिवशी' पासून." ती पुन्हा सांगायची. दुसऱ्या वेळी रडू आलं नाही तर कॅमेरेवाल्याच्या तोंडावर नाराजी दिसायची. हे लोक वाईट होते का? नव्हते. त्यातले काहीजण स्वतः डोळे पुसायचे. पण त्यांचं झपाटून टाकणारं सत्य उभं करायला लागणारं सामान त्या बाईच्या घरातून जात होतं, आणि त्याची पावती तिला कधी मिळाली नाही.

आता माझ्यावरच उलटेल असा मुद्दा. कोणी म्हणेल, एवढा विचार करत बसलं तर सिनेमा कधी व्हायचाच नाही. कलावंताला थोडं निष्ठुर व्हावंच लागतं. याला उत्तर हर्झोगच्याच कामात आहे, आणि त्याला थापाड्या म्हणणाऱ्यांनी ते बघितलेलं नसतं. अलास्कात अस्वलांमध्ये राहणारा टिमथी ट्रेडवेल २००३ साली मैत्रिणीसह अस्वलाच्या हल्ल्यात मेला. त्या वेळी कॅमेरा सुरू होता. झाकण लावलेलं असल्याने चित्र आलं नाही, आवाज तेवढा टिपला गेला. २००५ च्या माहितीपटात हर्झोग ती टेप हेडफोन लावून ऐकतो. आपल्याला ऐकवत नाही. टेप जिच्या ताब्यात आहे त्या ट्रेडवेलच्या दुसऱ्या एका मैत्रिणीला तो सांगतो, ही तू कधी ऐकू नको, नष्ट करून टाक. आमच्याकडच्या कुठल्याही चॅनेलला ती टेप मिळाली असती तर? दिवसभर, लाल पट्टीसकट चालली असती. झपाटून टाकणाऱ्या सत्याचा हा जाहीरनामेवाला, सगळ्यात झपाटणारा पुरावा हातात असताना तो बाहेर ठेवतो, आणि त्याचा सिनेमा त्यामुळे दुबळा होत नाही. मेलेल्या दोघांच्या किंकाळ्या आपल्या मालकीच्या नाहीत एवढं त्याला तिथे कळलं. पेरूमध्ये ते पुरतं कळलं होतं असं मला वाटत नाही. एकाच माणसात हे दोन्ही आहे, म्हणून हे पुस्तक कपाटात हवं. नुसता साधू किंवा नुसता लबाड असता तर नसतं आणलं तरी चाललं असतं.

वाचनालयाच्या समितीपुढे माझं म्हणणं एवढंच आहे. पुस्तक आत्मचरित्रातच राहू द्या, सोबत लेस ब्लँकचा माहितीपट एका रविवारी हॉलमध्ये पडदा लावून दाखवा. क वर्गाच्या अनुदानात पडद्याचं भाडं कुठून काढायचं, हा कोषाध्यक्षांचा सवाल रास्त आहे, वर्गणी काढू. इंग्रजी पोरांना झेपत नाही हेही खरं, तर मास्तरांनी तोंडी सांगावं. आणि घाई करा, कारण गावातली पोरं थांबलेली नाहीत. मोबाईलवर शॉर्टफिल्म करताहेत, चांगल्या करताहेत. परवा त्यातला एक सांगत होता, पुढची फिल्म आत्महत्येवर, आणि शूटिंग खऱ्या घरात करणार. मी विचारलं, परवानगी घेतली का रे? म्हणाला, "हाव ना काका, सरपंचाची घेतली." या पोराला हर्झोग द्यायचा की नाही? द्यायचाच. पण अस्वलाचा सिनेमा आधी दाखवा, जहाजाचा मग.